माझं टेबल, तिचं बोट

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या शाळेत एकच संगणक होता आणि तो मुख्याध्यापकांच्या खोलीत टॉवेल पांघरून बसलेला असायचा. त्यामुळे ज्या वस्तूपायी माझ्या जिवाची सध्या तगमग चालली आहे, ती तुम्हाला आधी समजावून सांगावी लागेल. पहिलीतल्या पोराच्या पाटीपेक्षा लहान, चपटी, गुळगुळीत अशी ती एक पाटीच आहे. तिला वायर नाही, बटण नाही, चाक नाही. तिच्यावर बोट फिरवलं की लांबच्या पडद्यावर बाण फिरतो, बोट दाबलं की पुढचं चित्र येतं, दोन बोटं सरकवली की अख्खं पान वर चढतं. हिला ट्रॅकपॅड म्हणतात. मी इतकी वर्षं माऊस वापरत आलो. माऊस मुठीत येतो, टेबलावर घासता येतो, राग आला तर आपटताही येतो. धरायला काहीतरी असलं की माझ्यासारख्या माणसाला बरं वाटतं. या पाटीत धरण्यासारखं काही नाही. तरी मी ती विकत आणली. माऊसनं मनगट दुखतं, असं घरात सांगितलं. खरं कारण एवढंच, की ती तिच्याकडे आहे.

ती म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. ‘होटगीची’ हे नाव तुम्हीच ठेवलंत.

तुमच्या स्मृतिदिनाला शाळेच्या सभागृहात दर वर्षी व्याख्यान होतं. तुमच्या माजी विद्यार्थ्यांचं मंडळ ते भरवतं, आणि पहिल्या वर्षापासून ते मीच देत आलो आहे. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी हरकतही घेतली नव्हती. यंदा मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. हेही तुमचेच विद्यार्थी, माझ्या मागून बऱ्याच वर्षांनी आलेले. आवाजात साखर घोळूनच सुरुवात केली, “दादा, रागावू नका, यंदा होटगीच्या ताईंनापण बोलावलंय.” मी म्हणालो, “बोलवा की. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवू.” “खुर्चीत न्हाय दादा, स्टेजवर. त्या चित्रं दाखवत बोलतात. पुण्यात लई चालतंय म्हणे. पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकतात.” “आणि माझं कसं ऐकतात?” मग म्हणाले, “तुमचं ऐकताना मोबाईल वर असतो. शूटिंग करतात की.” माणूस हुशार आहे, निवडणुकीला उभा राहिला तर पडणार नाही. शेवटी मुद्द्यावर आले. यंदा दोघांनी बोलायचं, आणि पुढच्या वर्षीपासून कुणी बोलायचं ते मंडळ बघून ठरवेल. म्हणजे परीक्षा. केस पांढरे झाल्यावर, आणि तीही तिच्याबरोबर.

ती येण्याआधी तुमच्या स्वयंपाकघरात मी एकटा होतो. माझ्या वस्तीतल्या पोराला त्या गल्लीत लोक पाणी द्यायचे ते ओट्याखाली उभं करून, वरून ओंजळीत. तुम्ही मला स्टोव्हजवळ पाट दिलात. कडक भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगांची चटणी, आणि म्हणालात, “खा आधी. उपाशी माणसाचं भाषण भाषण नसतं, तक्रार असते.” ही गोष्ट मी कुठकुठल्या सभांत सांगितली आहे आणि सांगताना माझा आवाज आजही खरोखर भरून येतो. पुढची गोष्ट मात्र सभेत सांगत नाही. पुढे आठवीच्या वर्षी एका सकाळी मी येतो, तर माझ्या पाटावर दुसरंच कुणी बसलेलं आहे. दोन घट्ट वेण्या, रेल्वेच्या खलाशाची मुलगी, होटगीहून सकाळच्या गाडीनं आलेली, डब्यातल्या भाकरीबरोबर तुमची भाजी खाते आहे. तुम्ही आमच्याकडे पाठ करून भाकरी थापताय आणि न वळता म्हणताय, “ये रे. ही आपली होटगीची. आता दोघं बोला.” मी उंबऱ्यातच उभा. तिनं पाटावर थोडं सरकून जागा केली. मी फरशीवर बसलो.

तुमची ऐकायची रीतच ती होती. तुम्ही भाकऱ्या थापायच्या, आम्ही तुमच्या पाठीशी बोलायचं. “मला तुमचे अवतार बघायचे नाहीत, शब्दाला पाय असले तर तो येईल माझ्यापर्यंत.” माझ्या शब्दांना पाय होते, पण हातही होते. वाक्य रंगात आलं की माझी मूठ समोर जे असेल त्यावर पडायची, आणि तुमच्या फळीवरच्या डब्यांची झाकणं वाजायची. एक दिवस तुम्ही पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या दोन्ही हातांत दिलात आणि म्हणालात, “आता बोल.” मी बोललो. दुसऱ्याच परिच्छेदाला शर्ट भिजला. तुम्ही तवा उतरवून खाली बघितलंत. “तुझं निम्मं भाषण फरशीवर सांडलंय. पूस.” मी पुसलं. मग तोच तांब्या तुम्ही तिला दिलात. ती बोलली, सावकाश, कानाशी बोलल्यासारखी, आणि पाणी हललंसुद्धा नाही. आणि तुम्ही वळलात, बाई. पिठाचे हात तसेच धरून वळलात आणि ती संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिलात. माझं भाषण चालू असताना तुम्ही कधीच वळला नव्हतात.

जिल्ह्याच्या स्पर्धेला निघताना तुम्ही मला शब्दकोश दिलात आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात बांधलंत, वेळेचा अंदाज राहावा म्हणून. पहिला नंबर माझा आला. घड्याळ तिच्याकडेच राहिलं.

मत्सराबद्दल जगातल्या शहाण्या माणसांनी काय काय लिहून ठेवलंय ते मी बहुतेक सगळं वाचलंय. या विषयावर उद्या कुणी बोलावलं तर कागद न घेता तासभर बोलेन, लोक घरी जाऊन भावांशी समेट करतील. स्वतःला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. फोनवर तिची व्याख्यानं बघत मी एक अख्खा उन्हाळा काढला. ती उभी राहत नाही. खुर्चीत बसते, ती पाटी मांडीवर ठेवते, लॅपटॉप लांब कुठेतरी कोपऱ्यात. बोलता बोलता तिचं एक बोट कुठेतरी सरकतं आणि तिच्यामागे पडद्यावर दुसरं चित्र येतं. बोट हललेलं दिसतही नाही. मला आधी वाटलं हे पुण्याचं फॅड. मग वाटलं, हे तर तुमच्या त्या तांब्याचंच आहे. आणि मग झोप उडाली.

पाटी आणल्यावर मी सकाळी जेवणाच्या टेबलावर सराव करायला बसू लागलो. बोट जोरात टेकवलं की नको ते उघडे, तळहात टेकला की बाण पडद्याबाहेर पळे. आमची ही भाजी निवडत समोर बसलेली असायची. एकदा म्हणाली, “अहो, ते दार न्हाय ठोठवायला.” “मग काय करायचं?” “हळू फिरवायचं. लेकराच्या गालावरनं फिरवतो तसं.” मेथीची जुडी सोडवली आणि मग म्हणाली, “पण तुमाला कुठनं ठाव असणार. आपली लेकरं गालाची होती तवा तुमी सभेला गेलावता.” मी दोन बोटांनी पान वर सरकवलं, ते खाली गेलं.

तरी जमलं. शेवटी शेवटी तर इतकं जमलं, की मला ते आवडायला लागलं. माऊस ढकलावा लागतो, याला नुसतं सांगावं लागतं. तुमचे फोटो मी स्वतः लावले, जुन्या शाळेचे, तुम्ही बक्षीस देतानाचे. मी तिला तिच्याच खेळात हरवायला निघालो होतो आणि हरवेन असं मला वाटत होतं.

आधी ती बोलली. तुमच्या स्वयंपाकघराबद्दल बोलली. भाकरी थापणाऱ्या पाठीशी बोलताना काय शिकलो ते तिनं सांगितलं, आणि मी ज्या गोष्टीवर आजवर हुंदका काढत आलो तिथे तिनं फक्त थोडी उसंत घेतली. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. तिचं झालं तेव्हा टाळ्या उशिरा सुरू झाल्या, कारण लोकांना संपल्याचं कळलंच नव्हतं. एवढं चांगलं भाषण मी त्या व्यासपीठावर ऐकलेलं नाही, आणि तिथली बाकी सगळी भाषणं माझीच आहेत.

मग मी. पाटी टेबलावर उजव्या हाताशी ठेवली. तुमचा पहिला फोटो बरोबर आला. आवाज लागला, पोरं सावरून बसली, आणि मग ते वाक्य आलं, ज्या माणसाला पाणी वरून ओतलं गेलं त्याला इतिहास खालून वाचता येतो, हे माझं वाक्य. या वाक्यावर मी आयुष्यभर टेबल ठोकत आलो आहे. ठोकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. मूठ पाटीवर पडत होती हे मला कळलं ते समोरच्या चेहऱ्यांवरून. मागे पडद्यावर तुम्ही आलात नि गेलात, जुनी शाळा आली नि गेली, बक्षीस समारंभ पळाला, आणि मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’ येऊन थांबलं. मी अजून प्रस्तावनेत होतो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, झालं का?” सगळं सभागृह हसलं. मी मागे जायला दोन बोटं सरकवली, तर घरून आणलेल्या माझ्या लॅपटॉपमधली कुठली कुठली पानं उघडायला लागली. वीजबिलसुद्धा.

ती उठली. घाईनं नाही. व्यासपीठावर आली, माझ्या हाताखालून पाटी काढून घेतली, परत पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि पाटी मांडीवर ठेवली. पडद्यावर तुम्ही परत आलात. “बोल तू,” ती म्हणाली.

मी बोललो. मी तिला एकही खूण केली नाही. चित्रं कुठे बदलायची हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण मी कुठे श्वास घेतो, कुठे आवाज खाली आणतो, कुठे मूठ वर जाते, हे तिला ठाऊक होतं. माझी मूठ आता रिकाम्या लाकडावर पडायची आणि नेमक्या त्या क्षणी चित्र बदलायचं. लोक उठून उभे राहिले. तुमच्या आठवणीपेक्षा, तिच्या उपकारापेक्षा त्या क्षणी मला दुसरंच जाणवत होतं. तिचं बोट माझ्या शब्दाची वाट बघत होतं. मी भाषण लांबवलं, बाई. संपवता आलं असतं तिथे संपवलं नाही. ती वाट बघत राहावी म्हणून आणखी दोन मुद्दे घेतले.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा होता. चिटणिसांनी विषय काढला, “मग पुढच्या वर्षीचं कसं करायचं?” आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. म्हणजे ठरलेलंच होतं. ती बिस्किट बुडवत म्हणाली, “यालाच बोलू दे. मी येत जाईन, चित्रं मी फिरवीन. त्याच्यासारखा आवाज माझ्याकडे नाही.” टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ शोधला, नव्हता.

जन्मभर मी काय गर्जत आलो ते सोलापुरातल्या भिंतींनासुद्धा पाठ असेल. बाईनं खाली बसून कळ फिरवायची आणि पुरुषानं वर उभं राहून टाळ्या घ्यायच्या, ही व्यवस्था मोडायची म्हणून मी तुरुंगसुद्धा बघितला आहे. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नाही, पुढच्या वर्षी तू बोल. खरंच तसं वाटत होतं, कारण तिचं भाषण सरस होतं. मी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि म्हणालो, “बरं.”

मंडळ स्मरणिका काढतंय. त्यासाठी तुमच्यावर एक पान लिहून मागितलं होतं. लिहायला बसलो आणि हे झालं. छापायला देता येणार नाही. ती वाचेल, वाचून ‘असू दे रे’ म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही. स्मरणिकेला शब्दकोशाची आठवण देईन, तेवढी पुरे.

काल चिटणिसांचा परत फोन आला. ताईंनी विचारायला सांगितलंय म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हीच बोलणार हे नक्की ना, तुमची काही हरकत असली तर अजून वेळ आहे. मला विचार करायला भरपूर वेळ होता, बाई. मी म्हणालो, “नक्की.”