होसाकाला पोस्टरवर आणायचंच!

४ मार्च
संताप! यंदा आमच्या फुटबॉल क्लबच्या पोस्टरवर कोणता खेळाडू, हे ऑनलाइन मतदानाने ठरणार. कुजिराई पहिला. त्याने काय केलं? गोल नाही, कुत्र्याला आंघोळ घातली आणि व्हिडिओ टाकला! आमचा होसाका तिसरा. चेंडूमागे ऊर फुटेस्तोवर धावतो, पण पोस्ट करतो बुटांचे फोटो.
संकल्प : होसाकाला पोस्टरवर आणायचं. पण सरळ मार्गाने. खोट्या नावाचं अकाउंट नाही. मी सगळीकडे खऱ्या नावानेच लिहिते, सेगावा चिझुरु. बाबांनी शाळेच्या आधी घरी हेच शिकवलं.

७ मार्च
सरावाच्या मैदानावर पाटी आहे : फोटो काढा, नेटवर टाकू नका. तरी शाळेतल्या तीन मुलींनी होसाकाचा व्हिडिओ टाकला. कुजिराईच्या पायांतून चेंडू काढतो तो. अर्धं तोत्तोरी शहर बघत होतं म्हणे. मी वाकून, माफी मागून, तो काढून टाकायला लावला. एक म्हणाली, ताई, तुमचा नवरा आहे का तो? उद्धट कार्टी!

९ मार्च
होसाका पाचवा. नक्की अ‍ॅपमध्येच गडबड आहे. आई म्हणाली, अगं, तो व्हिडिओ छान होता, कुठे गेला? आईला नियम समजावून सांगितले. ती भांडी घासायला निघून गेली.

१२ मार्च
होसाकाच्या चाहत्यांच्या ग्रुपवर शिस्तीचे नियम टाकले. ओरडताना त्याला नुसत्या नावाने हाक मारू नये, वगैरे. निम्मे लोक ग्रुप सोडून गेले. बरं झालं, गाळ गेला. धाकटा भाऊ म्हणतो, ताई, तू त्याची चाहती आहेस की वॉचमन? मूर्ख.

१५ मार्च
अखेर होसाकाने स्वतःचा फोटो टाकला! हॉटेलात, समोर ईल माशाचा भात, तोंडभर हसू. भराभर लाइक्स. पण मागच्या टेबलावरच्या आजोबांचा चेहरा स्पष्ट दिसतोय! परवानगी घेतली होती का? तीनदा क्षमा मागून कमेंट लिहिली. लगेच फोटो काढून टाकला त्याने. किती समंजस! असा माणूस हरेल कसा?

१९ मार्च
त्यानंतर त्याची एकही पोस्ट नाही. खेळावर लक्ष देत असणार.

२२ मार्च
निकाल. पोस्टरवर कुजिराई, कुत्र्यासकट! होसाका शेवटून पहिला. क्लबचं मॅस्कॉट, ते कापडी अस्वलसुद्धा त्याच्या पुढे. धीर द्यायला मैदानावर गेले. त्या तीन मुली कुजिराईचे शर्ट घालून आलेल्या. होसाकाकडे सहीला मी एकटीच. वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं.
नाव ऐकताच त्याने खिशातले हात बाहेर काढले, ताठ उभा राहिला आणि माझ्यापेक्षा खाली वाकून म्हणाला, माफ करा सेगावा-सान, आता काय चुकलं माझं?
काही नाही, म्हटलं.
त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. सांगितलं नाही.