चहात काही नव्हतं

तलवाडा,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैष्णवी हिस,

आबांचे आशीर्वाद. तू, रोहिणी आणि व्याही मंडळी सुखरूप असाल. लिंबागणेशला अजून गारठा असेल, पोरीचे कान बांधत जा. इकडं ज्वारी काढणीला आली. गाय व्याली, कालवड झाली. खरवस करायला घरात कुणी नाही.

परवा फोन केला होता. तू "आबा, बोला" म्हणालीस आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

रोहिणीचा बाप, आपला तानाजी, पुण्याहून आला होता. त्यानं मला संभाजीनगरला नेऊन पेसमेकर तपासून आणला. ठीक आहे. मी डॉक्टरांना इंडक्शन शेगडीचं विचारलं. ते म्हणाले, "वापरा की. फक्त दोन फूट लांब राहा, वरून वाकू नका. लहान भांडं कडेला ठेवू नका, बुडानं शेगडीवरचं गोल कडं पुरतं झाकलं पाहिजे. गरगरलं तर लगेच मागं सरा." तानाजी म्हणाला, "आबा, हे तुमाला कुणी सांगितलं न्हवतं?"

तू सांगितलं होतंस. शेगडी आणली त्याच दिवशी. मी म्हणालो होतो, "मला शिकवू नकोस. आन् मशिनीचं गावात कुणाला कळता कामा नये." तसा शब्दच तुझ्याकडून घेतला होता. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. छातीत मशीन बसवलेल्या माणसाला कोण उभं करील, हीच धास्ती.

त्या सकाळी सोसायटीची मंडळी ओसरीवर बसली होती. तू केलेला चहा सगळ्यांचा पिऊन झाला होता. तू धारेला गोठ्यात गेलीस. आणखी दोघं आले, म्हणून मीच आत जाऊन लहान पातेलं शेगडीच्या कडेला ठेवलं आणि उकळी आली का ते ओट्याला छाती टेकवून बघत राहिलो. डोळ्यापुढं अंधारी आली. शेगडीमुळंच आली का, डॉक्टर नक्की सांगू शकत नाहीत. कसाबसा दारापर्यंत आलो. ओसरीवरून शहादेव धावत आला, "आबा, काय झालं वो?"

मशीन म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "सुनंनं चहात काय घातलं, काय म्हाईत."

तू दुधाची चरवी घेऊन मागच्या दारात उभी होतीस. एकदा माझ्या छातीकडं पाहिलंस. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. तू मला दिलेला शब्द पाळलास. दुपारी पोरीला घेऊन एसटीनं गेलीस, आणि मी खाटेवर तोंड फिरवून पडलो होतो, झोपलो नव्हतो.

काल त्याच मंडळींना बोलावलं. सदऱ्याची बटणं काढून छातीवरचा उंचवटा दाखवला. म्हणालो, चहात काही नव्हतं, मी खोटं बोललो. मग शहादेव म्हणाला, "आबा, एवढ्यासाठी लेकराच्या माथी इख मारलं व्हय?" निवडणुकीतून नाव काढून घेतलं आहे.

ये असं म्हणत नाही. तो हक्क राहिला नाही. पुढच्या रविवारी लिंबागणेशला येऊन तुझ्या आईवडिलांसमोर हेच सांगणार आहे. मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

आबा तू म्हणशील तेव्हा. तोवर नुसता,

सुंदरराव