होणाऱ्या सासऱ्यांशी श्वास जुळवताना

१ फेब्रुवारी, शनिवार
आज आयुष्याचा प्रश्न सुटला. जेवता जेवता फोनवर एक लेख वाचला. अर्धाच. उरलेल्यासाठी सबस्क्रिप्शन मागत होते. दोन माणसं मनापासून गप्पा मारत असली की त्यांचे श्वास, हृदयाचे ठोके हळूहळू जुळायला लागतात म्हणे. मग उलटंही खरं असणारच. आधी श्वास जुळवायचा, मन आपोआप मागून येईल.

मला मन हवंय ते हणमंतरावांचं, म्हणजे रेणूच्या वडिलांचं. तेही या महिन्यात. बीदरहून एका डेंटिस्टचं स्थळ आलंय आणि त्यांना घाई आहे. रेणू माझ्या बाजूने आहे, पण बाबांच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

तिला प्लॅन सांगितला. म्हणाली, असली नाटकं नक्को, बाबांशी सरळ बोल, मिरचीचे भाव विचार, खूश होतील. विज्ञानाबद्दल या हैदराबादेत एकूणच उदासीनता आहे. पुण्यात असं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार
चिक्कडपल्लीला रेणूकडे चहा. हणमंतराव बोलतात कमी. निरीक्षणाला उत्तम. श्वास आत झटकन, बाहेर अगदी सावकाश, आणि बाहेर जाताना बारीक शिट्टी. मधूनच खांदे वर. बेगम बाजारात तीस वर्षं मिरचीचा ठोक धंदा करून माणसाने प्राणायामात एवढी मजल मारावी, कमाल आहे.

मिरचीबद्दल काही विचारलं नाही. बोललं की लय तुटते. शिट्टी अजून जमत नाही. उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास सराव. कडक.

५ फेब्रुवारी
सोमवारी अलार्म वाजला नाही. मंगळवारी वाजला, हा त्याचा दोष. आज ऑफिसच्या कॅबमध्ये सराव केला. शेजारी बसलेल्या कुलदीपने खिडकी उघडली. मग जागाच बदलली. मत्सर.

८ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टी सत्कारणी. थेट बेगम बाजार, हणमंतरावांचं दुकान. छताला टेकलेली पोती. मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. पण दोन शिंकांच्या मधल्या वेळात आमचा श्वास तंतोतंत जुळत होता.

हणमंतरावांनी पाणी मागवलं. स्वतःचा रुमाल दिला. स्वतःचा! मग हळू आवाजात विचारलं की पोरा, हे कधीपासून होतंय? मी म्हणालो, काका, तुमच्या घरी यायला लागल्यापासून. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. अशा नजरेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
शिट्टी जमली!! रेणूकडे जेवायला होतो. सावित्रीबाई, म्हणजे रेणूची आई, वाढता वाढता थांबल्या. एकदा नवऱ्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मग विचारलं, हे तुमच्या घरात आधी कुणाला होतं का?

घराण्याची चौकशी सुरू झाली म्हणजे गाडी रुळावर आली. ठोकून दिलं की हौ काकू, आजोबांना होतं, बाबांना आहे, पिढीजातच म्हणा ना. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. भावुक कुटुंब आहे. हणमंतराव ताटावरून उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. रेणू टेबलाखालून लाथा मारत होती. आनंदाने असावं.

निघताना सावित्रीबाईंनी अडुळशाचा काढा बाटलीत भरून हातात दिला. परक्याला कोण देतं? घरी येऊन प्यायलो. भयंकर कडू. पण सासरचं आहे.

१९ फेब्रुवारी
घाई नको असं मलाही वाटतं, पण शेरवानी शिवायला वेळ लागतो. आबिड्सच्या शिंप्याकडे मापं दिली. छातीचं माप घेताना तो म्हणाला, श्वास सोडा. सोडला. शिट्टी वाजली. त्याने टेप बाजूला ठेवून स्टूल आणून दिलं. हल्ली शिट्टी आपोआप येते.

२२ फेब्रुवारी, शनिवार
नकार.

रेणूने चहाला बोलावून सांगितलं. हणमंतराव म्हणाले म्हणे की पोरगा गुणाचा आहे, मला लई आवडला. पण माझ्या दम्यापायी मी सावित्रीला तीस वर्षं रात्र रात्र बसवून ठेवलंय. माझ्या लेकीच्या नशिबी तेच नक्को.

दमा! मला वाटलं प्राणायाम.

रेणू रडत होती आणि रडता रडता मला शिव्या देत होती. तुला बोल म्हणाले होते रे, कायकू श्वास घेत बसलास? बीदरवाले उद्या संध्याकाळी येणार. रेणूशिवाय राहायचं कसं ते मला माहीत नाही. हे तिला सांगायला हवं होतं, पण तोवर ती रिक्षात बसली होती.

तरी हरकत नाही. उद्या सकाळी जाऊन समक्ष सिद्ध करतो. माझ्यासारखा ठणठणीत माणूस हैदराबादेत सापडायचा नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपार
लिफ्ट मुद्दाम सोडली. चारही मजले धावत चढलो, बेल दाबली. दार हणमंतरावांनी उघडलं. काका, मला काहीही झालेलं नाही, एवढंच वाक्य बोलायचं होतं. काका पण म्हणता येईना. नुसती धाप. आणि वर ती शिट्टी.

त्यांनी मला धरून खुर्चीत बसवलं. पाठ चोळली. घाबरू नको म्हणाले, हळू, माझ्यासंगं घे. आत. बाहेर. समोर बसून हाताने दाखवत राहिले. थोड्या वेळाने आमचा श्वास खरोखर एका लयीत आला. मी काहीच केलं नव्हतं. माणूस किती प्रेमळ आहे हे मला आज कळलं, आणि फार फार वाईट वाटलं.

रेणू आतल्या दारात उभी होती. तिला म्हणाले, बघितलंस ना बाळा, मी काय म्हणत होतो.

मग खिशातला दम्याचा पंप काढला, धोतराला पुसला आणि माझ्या तोंडाशी धरला. एवढ्या मायेने धरल्यावर नाही कसं म्हणायचं? घेतला.

बरं वाटलं.