गेंड्याचे चिन्ह लावलेला पतंग कंपनीचा ट्रक सोडण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय.

विषय : आपल्या आवारात उभा असलेला आमचा खडी वाहतुकीचा डिझेल ट्रक १९ मार्चपूर्वी सोडण्याबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाचा ९ मार्च रोजीचा पंचनामा. त्यात "कागदावर एक कंपनी, तोंडावर दुसरी" असा शेरा आहे. शेरा बरोबर आहे.

महोदय,

१. हा ट्रक माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. तो चोरीचा नाही. त्यावरचे कंपनीचे चिन्ह मी स्वतः बदलले. मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले असून आमच्या खडीच्या धंद्याचे कार्यालय सांभाळते. चिन्ह का बदलले हे कळावे म्हणून घरातली थोडी हकीकत सांगणे भाग आहे.

२. सासरे तीस वर्षे फक्त गेंडा कंपनीचे ट्रक घेत आले आहेत. त्यांच्या पहिल्या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा भर चढावर तुटला, तेव्हा त्या कंपनीचा मिस्त्री नवा लोखंडी पाटा खांद्यावर घेऊन चालत वर आला होता. "त्या दिवसापासून आपण गेंड्याचे," असे ते सांगतात. माझे लग्न झाले तेव्हा त्या पाट्याचे वजन चौदा किलो होते. आता ते बावीस आहे. गेल्या वर्षी गेंड्याचा ट्रक वेळेत मिळेना, म्हणून नाइलाजाने एक पतंग कंपनीचा घेतला. सासरे त्याला आजही "सावत्र" म्हणतात.

३. आहेत ते सगळे ट्रक विकून या ३१ मार्चपर्यंत आम्हाला नवीन ट्रकची मागणी नोंदवायची आहे. जेवढ्या पैशांत गेंडा कंपनीचे चार ट्रक येतात, तेवढ्यात पतंगचे पाच येतात. आमचे चालक पाच आहेत. चारच ट्रक आले तर सगळ्यांत वयस्कर चालकाला, म्हणजे नानांना, फाटकावर स्टुलावर बसून पावत्या तपासाव्या लागतील. नाना बावीस वर्षे चाक धरून आहेत. त्यांना स्टुलावर बसलेले मी एकदाच पाहिले आहे, दाढदुखीच्या दिवशी.

मी सासऱ्यांना म्हटले, आपला एक गेंडा आणि तो पतंग, दोन्ही ट्रक मोजून बघू. ते म्हणाले, "आकडे तुझे, कान माझे. मी नुसत्या आवाजावरून गेंडा ओळखतो."

४. यात पडताळून पाहण्यासारखे एक विधान होते, म्हणून मी ते पडताळून पाहिले. या दोन्ही ट्रकच्या केबिन एकाच कारखान्यात बांधलेल्या आहेत आणि रंगही एकच आहे. बाहेरून फरक फक्त चिन्हाचा. एका रविवारी जेवणानंतर सासरे आडवे झाले असताना मी व माझ्या पतीने गेंडा उतरवून पतंगच्या ट्रकला लावला आणि पतंग उतरवून गेंड्याच्या. नंबरपाट्यांना हात लावला नाही. सासऱ्यांना नंबर पाठ नसतात, आवाज पाठ असतात. एक स्क्रू उरला, तो जपून ठेवला आहे. चालकांना अर्थातच खरे काय ते ठाऊक होते. त्यांच्याकडून मी कुठेही, कोणालाही न सांगण्याची शपथ घेतली. मोजणी साठ दिवसांची ठरली : तीच खदान, तोच रस्ता, तेवढाच माल, आणि चालक एक दिवसाआड बदलून. डिझेल रोज मी स्वतः मोजते.

अठ्ठेचाळीस दिवसांत दोन्ही ट्रकच्या डिझेलमध्ये आढळलेला फरक माझ्या मोजपट्टीच्या चुकीपेक्षा लहान आहे. गेंड्याच्या बाजूची एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही : त्याचा सुटा भाग एका दिवसात मिळाला, पतंगचा चार दिवसांनी.

या काळात सासरे रोज सकाळी गेंड्याचे चिन्ह लावलेल्या पतंगच्या बॉनेटवर हात फिरवून म्हणत, "ऐक, कसा गुरगुरतोय! रक्ताचा आहे." आणि खऱ्या गेंड्याजवळून जाताना म्हणत, "याला खोकला झालाय. सावत्रच शेवटी." मी या नोंदी तारीखवार ठेवल्या आहेत.

५. ९ मार्च रोजी आपल्या पथकाने ट्रक अडवून नानांना विचारले, "हा कोणत्या कंपनीचा?" नाना म्हणाले, "साहेब, ते सांगायला मला मनाई आहे." या उत्तराने संशय वाढला यात पथकाचा दोष नाही. पुढे "कोणाची मनाई?" या प्रश्नावर त्यांनी "धाकट्या बाईंची" असे सांगितले, आणि मग ट्रक थेट आपल्या आवारात आला.

६. तरी विनंती की (अ) ट्रक सोडावा, म्हणजे उरलेले बारा दिवस ३१ मार्चच्या आत बसतील. (आ) या प्रकरणाचा पत्रव्यवहार सासऱ्यांशी न करता माझ्याशी करावा. (इ) सासरे येत्या सोमवारी आपल्यापुढे येऊन, "हा ट्रक गेंड्याचाच आहे, मी आवाजावरून सांगतो," असे प्रतिज्ञापत्र देणार आहेत, ते कृपया घेऊ नये. ते खोटे बोलणार नाहीत. त्यांची माहिती चुकीची आहे आणि ती मी चुकवली आहे.

७. वरील सहा परिच्छेद मी १४ मार्च रोजी आपल्या कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर दिले. तेथील लिपिकांनी ते शेवटपर्यंत वाचले, शेजारच्या खिडकीलाही वाचायला दिले, आणि मालकाची सही नसल्याने परत केले. मालकाला कळू नये अशा अर्जावर मालकाची सही कशी आणावी, असे मी विचारले. त्यांनी नियम दाखवला. नियम स्पष्ट आहे.

म्हणून काल दुपारी मी हा अर्ज सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. परिच्छेद दोनमध्ये त्यांनी मला थांबवले. "बावीस नाही. चोवीस." सहावा परिच्छेद संपल्यावर त्यांनी विचारले, "किती दिवस झाले म्हणालीस?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि मी रोज त्या पतंगाला..."

"रोज, मामंजी."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटले, रागावले. पण ते इतके हसले की फाटकावरून नाना धावत आले. त्यांना पाहून सासरे म्हणाले, "या, मनाई! तुम्हीही सामील?" नाना म्हणाले, "मालक, मी तर पोलिसांनाही सांगितलं नाही." (आपले पथक पोलीस नव्हे, हे त्यांना नंतर समजावले.)

मग सासऱ्यांनी त्या जुन्या मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींचे आता स्वतःचे गॅरेज आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तिथे पतंगचे ट्रकही दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली, म्हणून सासऱ्यांनी त्यांच्याशी बोलणे सोडले होते. पहिली दोन-तीन मिनिटे फक्त एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. शेवटी कळले की पतंगचे सुटे भाग मिस्त्री स्वतःकडे ठेवतात. चार दिवसांचा प्रश्न असा सुटला.

मी म्हटले, आता उरलेले बारा दिवस मोजायची गरज आहे का? सासरे म्हणाले, "साठ म्हणालीस ना? मग साठ. आकडे असेच राहिले तर पाच पतंग. पाचवा नानांचा."

८. सबब, विनंती (आ) व (इ) मी मागे घेत आहे. विनंती (अ) कायम आहे व ती आता मालकांचीही आहे. दोन्ही चिन्हे मूळ जागी बसवण्यासाठी आपल्या आवारात वीस मिनिटांची परवानगी द्यावी. दुसरा ट्रक, पाना आणि तो उरलेला स्क्रू मी सोबत आणीन.

शेवटची एक विचारणा. घरात एक जुने गेंड्याचे चिन्ह आहे, त्या पहिल्या ट्रकचे. ते नानांच्या नव्या ट्रकमध्ये केबिनच्या आत, सीटच्या वर लावावे अशी सासऱ्यांची इच्छा आहे. आत लावलेले चिन्ह कंपनीची खूण मानता येत नाही, असे मला नियम दोनदा वाचून वाटते. आपले मत वेगळे असल्यास कळवावे.

आपल्या आवारातील ट्रकच्या टाकीत आज किती डिझेल आहे हे नेमके सांगू शकणारी,
आपली नम्र अर्जदार
(मालकांची धाकटी सून)
दिनांक : १७ मार्च

सोबत :
१. दोन्ही ट्रकची नोंदणीपत्रे.
२. अठ्ठेचाळीस दिवसांच्या डिझेलच्या नोंदी.
३. चालकाचा सुधारित जबाब, एक ओळ : "साहेब, पतंगचा आहे."

मालकाची सही व शेरा : अर्ज ऐकला, मान्य आहे. फक्त परिच्छेद दोन दुरुस्त करावा. पाटा चोवीस किलोचाच होता. मिस्त्रीला विचारा, तो पंचवीस सांगेल.