तू तापवलेलं पाणी

पाणी तापवायची तुला एवढी घाई कशाला होती? आधी हे सांग, बाकीची विचारपूस मागून. आये, आवणाच्या, भातलावणीच्या दिवसांत तुझ्या भावाने माझ्यावर जबरदस्ती केली. चिखलाने भरलेली मी घरी आले, दोनच शब्द बोलले. तू ऐकलंस आणि चूल पेटवलीस. डोक्यावरून तीन हंडे ओतलेस, माझं लुगडं ओढ्यात धुतलंस आणि म्हणालीस, "गेलं वाहून. आता तोंड मिटायचं." त्याच दिवशी मामाच्या ताटात भात मलाच वाढायला लावलास. मी वाढला. चौथी शिकलेली पोरगी, आणखी काय करणार होते?

या चैतात आम्ही सगळी विवळवेढ्याच्या जत्रेला गेलो. नात, माझ्या लेकाची पोर, घरी राहिली, तिची कॉलेजची परीक्षा होती. परत आलो तर दार सताड उघडं आणि ती मोरीत बादली भरत बसलेली. कोण आला होता ते तिनं सांगितलं. माझा जावई. माझ्या लेकीचा नवरा, ज्याच्या पायावर पंधरा वर्षं मी पाणी घालते आणि कालवणातला पहिला तुकडा ज्याला वाढते. मी बादलीला लाथ मारली. म्हटलं, "अंग धुवायचं नाही. कपडे काढ, पण भिजवू नको, कागदाच्या पिशवीत घाल." दवाखान्याच्या कामाला गावात फिरणाऱ्या आशाताईनं बायकांच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा मी तंबाखू मळत होते, पण कान उघडे होते. मग विचारलं, "दवाखान्यात जायचं? तू म्हणशील तरच." तिनं मान डोलावली. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई दर वेळी हात लावायच्या आधी विचारायची, "चालेल ना गं?" आये, तुला-मला असं कधी कुणी विचारलं होतं का?

पोलिसात तक्रार झाली. तिसऱ्या दिवशी जावयाकडची माणसं नारळ आणि ताडी घेऊन आली. "घरातलाच माणूस आहे, मावशी. घरातच मिटवू."

"घरातला म्हणूनच पोरीनं दार उघडलं. चोर असता तर कोयता घेऊन उभी राहिली असती. उचला तो नारळ."

लेक रडत म्हणाली, "आये, माझं घर मोडतेस?" म्हटलं, "मोडलं त्यानं. तू पोरांना घेऊन ये, माझ्या चुलीला चार भाकऱ्या जड नाहीत." ती अजून आलेली नाही. पोरीचा बाप, माझाच लेक, बहिणीपायी कचरतो, तक्रार मागे घेऊ का म्हणून माझ्या तोंडाकडे बघतो. मी पोरीकडे बोट दाखवते. ती म्हणते, नाही घ्यायची.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. बादलीला लाथ मारायच्या आधी माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हेच, "दार कशाला उघडलंस?" तुझंच तोंड, आये. पोरगी रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी माफी मागितली, नारळाशिवाय. तू तर कधीच गेलीस, हा कागद जाणार कुठे, तिच्याच वहीत राहील.

उद्या कोर्टात तिचा जबाब आहे, मी बरोबर जाणार. वाटेत ज्याला काही विचारायचं असेल त्यानं जावयाला विचारावं. दार का उघडलं ते नाही, आत शिरून काय केलंस ते. उत्तर त्यानं द्यायचं. पोरीला कुणी विचारायचं नाही. तूसुद्धा नाही.