रोमच्या चादरीला दिलेली खळ

पॅरिस, सोमवार

सेलेस्त, सगळ्यांत आधी वर आली ती दारावरची पोलेतबाई, आणि तिच्या मागोमाग ते दोन उंच टोपीवाले साहेब. थांब, तुझी खुशाली विचारायची राहिलीच. गुडघा कसा आहे? बदकं अंड्यांवर बसली का? थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे आणि आता ऐक.

आमच्या माळ्यावरचे चित्रकार ओदिबेरसाहेब (ज्यांचे कपडे मी धुते) यंदा भिंतीएवढं चित्र काढतायत, जुन्या रोमच्या लोकांचं. रात्रभर पिऊन सकाळी लोळत पडलेले अकरा जण, डोक्यावर फुलं आणि अंगावर नुसती चादर. मला भारी नवल वाटतं, एवढं मोठं राज्य आणि या लोकांना झोपायला घरी जाता येत नव्हतं? आणि ते सांडलेलं पुसत कोण होतं? साहेबांना विचारलं, तर म्हणाले, आजी, पुस्तकात तेवढं दिलेलं नाही.

त्यातला सगळ्यांत झिंगलेला म्हातारा सरदार म्हणजे तुझे भावोजी. (यांनी जन्मात थेंब घेतला नाही, हे तुला ठाऊकच आहे.) घोडागाडी विकल्यापासून दोन वर्षं हे खिडकीशी गप्प बसून असत. आता रोज दाढी करून वर साहेबांपुढे बसायला, म्हणजे रोमला, जातात आणि जेवताना तिथल्या गोष्टी सांगतात. घरात पुन्हा बोलणं आलं गं.

आणि त्यावर मीच पाणी ओतलं. गेल्या आठवड्यात वर गेले, तर कोचावर यांची चादर पडलेली, द्राक्षाच्या रसाचे डाग, नुसता चोळामोळा. मला बघवेना. नेली, उकळली, निळीतून काढली, खळ दिली, इस्त्री करून चौकोनी घडी घातली. मला काय माहीत, त्या चुण्या साहेब तीन आठवडे टाचण्या लावून जपत होते. ते रागावले नाहीत, खालीच बसले. मग म्हणाले, चेहरा झालाय पण चादर अर्धीच झालीय, आता वेळ नाही, या म्हाताऱ्याच्या जागी एक दगडी खांब रंगवून टाकतो. हे पुन्हा खिडकीकडे बघायला लागले.

त्याच दुपारी ते टोपीवाले आले, तुझ्या-माझ्या गावच्या संग्रहालयासाठी चित्र घ्यायला. हे कडक चादरीत पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखे बसलेले, आणि चित्रात यांच्या डोक्यावरून कोळशाने खांब आखलेला. त्यांच्यातले बारीक साहेब चित्राच्या अगदी जवळ गेले.

"खांब पुसा," ते म्हणाले. "एवढ्या माणसांत ऐषआरामाला खरा विटलेला हा एकटाच आहे."

(हे तेव्हा शेगडी विझली की काय, याचा विचार करत होते. मागाहून मला सांगितलं.) म्हातारा राहिला आणि चित्र पुरं झालं, तर घेऊ म्हणाले.

मग साहेबांनी चादर माझ्याच हाती दिली, चुरगळा म्हणून. पण चाळीस वर्षं कपडे धुतलेले हात माझे, चुरगळायला घेते आणि सपाट करून ठेवते. शेवटी हे स्वतःच चादर गुंडाळून एकदा कोचावर लोळले, आणि आल्या की चुण्या. तेव्हापासून साहेब म्हणतील तोवर हलत नाहीत, जेवण मी वर नेते.

ता. क. पत्र लिहायचं कारण असं, की बदकाच्या चरबीच्या दोन बरण्या धाड. जिने चढून चढून तुझे भावोजी वाळलेत, चित्रातल्याएवढं पोट आता उरलेलं नाही.

आणखी एक. गावात सगळ्यांना सांग की हे चित्रात आहेत. प्यायलेले आहेत, ते राहू दे.

बरण्यांना उशीर नको करू. ते टोपीवाले साहेब पुढच्या गुरुवारी पुन्हा येतो म्हणालेत.