पापडावर मोजलेला प्रकाशवेग

१ फेब्रुवारी, रविवार
संकल्प : महिन्याभरात सापेक्षतावाद खोडून काढणे. वेळ उरलाच तर मॉर्निंग वॉक.
कारण जाई. लेक पुण्यात फिजिक्समध्ये एमएस्सी करते, शनिवार-रविवार घरी आली होती. म्हणते, ट्रक उभा असो की धावता, हेडलाइटचा उजेड तेवढ्याच वेगानं जातो. मी विचारलं, मग ट्रकचा वेग गेला कुठं? माझा जन्म न्हावा शेव्याला ट्रक मोजण्यात गेलाय. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकायचंच नसतं," आणि ताट घेऊन आत गेली.
थोडक्यात, उत्तर नव्हतं.

५ फेब्रुवारी
व्हिडिओ सापडला. मायक्रोवेव्हच्या लहरी आणि प्रकाश, दोघांचा वेग एकच. ओव्हनमधली फिरती प्लेट काढायची, पापड ठेवायचा. तो ठिपक्याठिपक्यांनी फुलतो. ठिपक्यांमधल्या अंतरावरून लहरीची लांबी. तिला ओव्हनमागच्या स्टिकरवरच्या फ्रिक्वेन्सीनं गुणलं की प्रकाशाचा वेग हजर!
राजेश्वरीनं विचारलं, "ओव्हन माझा आहे, लक्षात आहे ना?"
बायकोला विज्ञानात रस नाही.

८ फेब्रुवारी
पापड जळाले. सासूबाईंनी पाठवलेले. खिडक्या उघड्या ठेवून जेवलो. वॉक उद्यापासून.

१५ फेब्रुवारी, सकाळी
जमलं! अंतर सहा सेंटिमीटर. गुणाकार केला : सेकंदाला दीड लाख किलोमीटर. पुस्तकात तीन लाख! जगाची चक्क निम्म्यानं फसवणूक.
जाईला फोन केला. ती मध्येच "बाबा, पण ते अंतर..." करत होती. म्हटलं, आता सोसायटीच्या हॉलमध्येच ऐक. ग्रुपवर व्याख्यान जाहीर. विज्ञान दिनीच.

२८ फेब्रुवारी, रात्री
बोललो झकास. शेवटी जाईनं हात वर केला. बसनं थेट हॉलवरच आली होती. हळूच म्हणाली, "बाबा, दोन ठिपक्यांमध्ये अर्धीच लहर असते. दुप्पट करा."
फळ्यावर, सगळ्यांदेखत दुप्पट केली. तीन लाख.
सेक्रेटरी हौसेराव उठले. म्हणाले, विज्ञान बरोबर आहे हे दिनानाथरावांनी स्वतःच्या घरी सिद्ध केलं. टाळ्या पडल्या. राजेश्वरीनं सगळ्यात जोरात वाजवल्या.

१ मार्च, रविवार
जाईला सोडायला वाशीच्या स्टॉपवर गेलो. म्हणाली, "माप मस्त घेतलं होतंत हं." मग वेग सगळ्यांना सारखाच का येतो, ते हातवारे करून सांगत बसली. मी मध्ये बोललो नाही.
काही कळलं नाही. पण बस उशिरा आली तर बरं, असं वाटत होतं.
वेळेवर आली.